वहीतला रिकामा दीड तास

मार्चच्या सुट्टीत कंबोडियाला जातोय असं मुलीला फोनवर सांगितलं, तेव्हा तिला वाटलं मी देवळं बघायला चाललोय. लोक तिथे त्यासाठीच जातात. मी म्हणालो, देवळं नाहीत. आईची काळजी घ्यायला बाई होती ना, तिच्या घरी.

"व्हाय, बाबा?" मुलगी कॅनडात असते. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते.

"भेटायला."

"व्हॉट विल यू ईव्हन आस्क हर?"

काय विचारायचं ते मला नेमकं ठाऊक होतं. एक ते अडीच या वेळात काय झालं, एवढंच. पण मुलीला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिलाही झोप लागली नसती.

माझ्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि बाकीचे दिवस घरी, शारजात अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटच्या तळ्याकडच्या खोलीत. मी शाळेत ग्रंथपाल आहे. साडेसहाला घर सोडतो ते तीनला परततो. म्हणून एजन्सीकडून बाई मागवली, तर आली ती कंबोडियाची निघाली. तिशीतली, बुटकी, चालताना पावलांचा आवाज न करणारी. आधी चार वर्षं दुबईत एका घरी काम केल्यामुळे तिला कामापुरती हिंदी येत होती. मला ती सर म्हणायची. बायकोला मॅडम म्हणू लागली, पण बायकोने पहिल्याच दिवशी तिला हाक मारली, "बाय, हय ये गो." मालवणकडे लेकीसुनांना अशीच हाक मारतात. तेव्हापासून ती आमच्या घरात बाय झाली.

मी तिला एक वही करून दिली. जाड पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. दर अर्ध्या तासाला एक ओळ: वेळ, औषध, पाणी किती मिली, खाणं, झोप. बाय इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायची, एकेक अक्षर कोरल्यासारखं. फ्रिजवर मी आहाराची यादी लावली होती. मीठ बंद, लोणचं बंद, पापड बंद. सुकी मासळी या शब्दांखाली मी लाल रेघ मारली होती, कारण बायकोच्या गावचा एक जण औद्योगिक क्षेत्रातल्या गॅरेजात कामाला होता आणि सुट्टीवरून परतताना तिच्यासाठी सुके बांगडे आणायचा. त्याला नको म्हणणं मला जमलं नाही. पुडकं मी वरच्या कपाटात डब्यांच्या मागे ठेवून द्यायचो.

बायचा पासपोर्टही मी ठेवून घेतला होता, आमच्या पासपोर्टांबरोबर, कपाटातल्या तिजोरीत. मालकाने तो ठेवायचा नसतो हे मला माहीत होतं. सगळेच ठेवतात, हरवला तर तिचीच पंचाईत, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी दोन पस्तीसला ग्रंथालयात माझा फोन वाजला. "सर, मॅडम खलास." इथे दूध संपलं तरी खलास म्हणतात, लिफ्ट बंद पडली तरी खलास. मला आधी कळलंच नाही ती काय सांगतेय.

घरी मृत्यू झाला की इथे पोलीस येतात, तशी रीतच आहे. दोघे जण होते, सौम्य बोलणारे. त्यांच्यासमोर मी ती वही उघडली. एक वाजताची ओळ होती: पाणी ५०, झोप. त्यानंतर दीडची ओळ रिकामी. दोनची रिकामी. अडीचचीही रिकामी. सात महिन्यांत एकही ओळ कधी रिकामी राहिली नव्हती. मी पोलिसांसमोर बायला विचारलं, या दीड तासात काय करत होतीस? ती म्हणाली, मॅडम सो रहे थे. "मग लिहिलं का नाहीस?" हे मी मराठीत ओरडलो. तिला शब्द कळले नसतील, पण वहीवर आपटलेलं माझं बोट तिने पाहिलं. पोलिसांनी डॉक्टरांशी बोलून नैसर्गिक मृत्यू अशी नोंद केली आणि ते गेले. बाय भिंतीला टेकून तशीच उभी राहिली.

आठ दिवसांनी तिने घरी जायचं म्हटलं. मी तिजोरी उघडून पासपोर्ट दिला.

मग तीन महिने ती वही माझ्या टेबलावर होती. ग्रंथालयात एक वाजला की माझं लक्ष घड्याळाकडे जाई आणि अडीच वाजेपर्यंत हाताला काम सुचत नसे. बाय झोपली असेल का? फोनवर बोलत बसली असेल? बायकोने हाक मारली असेल आणि कोणी आलं नसेल? तिला श्वास लागला असेल तर किती वेळ? डॉक्टर म्हणाले होते की हृदय इतकं कमकुवत झालंय की हे कधीही होऊ शकतं. पण कधीही म्हणजे कोणत्या मिनिटाला, कशामुळे, हे त्यांना कुठून माहीत असणार? ते माहीत असलेलं माणूस जगात एकच होतं आणि त्याला मी घरातून जाऊ दिलं होतं.

मार्चमध्ये मी तिला संदेश पाठवला. तुझ्या घरी भेटायला यायचं आहे. एक गोष्ट विचारायची आहे. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं: ओके सर. वेलकम. ते दोन दिवस त्या घरात कसे गेले असतील, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

दुबईहून बँकॉक, तिथून नोम पेन्ह, मग एका व्हॅनमध्ये पाच तास. व्हॅनमध्ये माणसांपेक्षा तांदळाची पोती जास्त होती. भात कापून झालेली शेतं दूरवर पसरलेली, त्यांत मधूनच उंच ताडाची झाडं आणि बरगड्या दिसणारी पांढरी गुरं. मी पूर्ण वाट एकच वाक्य हिंदीत जुळवत होतो. मैं गुस्सा नहीं हूँ, सिर्फ जानना चाहता हूँ. ते मला खोटं वाटत होतं, कारण मी रागावलेलो होतोच.

घर खांबांवर उभं होतं. वर लाकडी खोली, खाली मोकळी जागा, तिथे खांबांना बांधलेल्या दोन झोळ्या, एक मोठा बाकडा, पाण्याचे रांजण. बायचे वडील झोळीत पडून होते, त्यांचा एक गुडघा सुजलेला होता. तिची आई पुढे आली तेव्हा मी चपापलो. तिच्या डोक्यावरचे केस पार कापलेले होते. आमच्याकडच्या जुन्या फोटोंत अशा बायका असतात, आणि त्यांचा अर्थ एकच असतो. पण नवरा तर समोर झोळीत होता. नंतर बायने सांगितलं की त्यांच्याकडे वय झालं की काही बायका व्रत घेऊन केस कापतात. आईने हात जोडून डोकं इतकं खाली नेलं की मला संकोच वाटला. मी खजुरांचा डबा दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, वरच्या फळीवर ठेवला, उघडला नाही.

आणखी एक माणूस होता. साठीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर प्लास्टिकची फाइल. मी समजलो बायचा मामा असेल. मी जेवायला बसलो की तो समोर बसायचा. जेवायचा कमी, बघायचा जास्त. मी त्याच्याकडे पाहून हसलो की तोही हसायचा आणि फाइल जरा जवळ ओढून घ्यायचा.

पहिल्या दुपारी कोंबडी कापली. रात्री पुन्हा कोंबडी. दुसऱ्या दिवशी सकाळी भाताच्या पेजेतही कोंबडीच. मी मासे क्वचित खातो, कोंबडी त्याहून कमी, पण नको म्हणायची हिंमत नव्हती. घरातलं कोणी माझ्याबरोबर जेवत नसे. माझं झालं की ते खाली जात, आणि मग खालून भांड्यांचा, दबक्या बोलण्याचा आवाज यायचा. मी वर चटईवर बसून ऐकायचो. एकही शब्द कळत नव्हता, पण विषय मीच आहे हे कळत होतं.

बाय माझ्याजवळ एकटी थांबतच नव्हती. मी सुरुवात करायचो, "बाय, मुझे तुमसे..." की ती उठायचीच. "सर, पानी." "सर, गाय देखता हूँ." "सर, आप सो जाओ, बहुत गरमी." एकदा तर मी तिच्यामागून रांजणापर्यंत गेलो. ती नारळाच्या करवंटीने अंगावर पाणी घ्यायला निघालेल्या आईच्या आड जाऊन उभी राहिली. आई ओलं फडकं खांद्यावर घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मी खाली मान घालून परतलो. शारजात ही मुलगी दिवसाला शंभर वेळा माझ्यासमोरून जायची. असं काय असेल की ती आता माझ्या डोळ्यांत बघू शकत नाही? म्हणजे काहीतरी झालं होतं नक्की. त्या दीड तासात नक्की काहीतरी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिवळ्या वस्त्रांतले तीन भिक्षू दाराशी आले. आई गुडघ्यांवर बसून त्यांच्या भांड्यांत भात वाढत होती. मीही बाजूला बसलो. आईने भाताचं पातेलं माझ्यापुढे केलं, म्हणून एक डाव मीही वाढला. भिक्षू काहीतरी पुटपुटले. मला वाटलं आता जरा सैल होईल सगळं. पण भिक्षू गेले आणि आईने पातेलं चटकन काढून घेतलं, आणि फाटकात तो शर्टवाला माणूस फाइल घेऊन उभाच होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी वर फार उकडत होतं म्हणून माझं ताट खालीच वाढलं. जेवण झालं, आणि बाय ताट उचलायला वाकली तेव्हा मी सगळ्यांसमोरच बोललो. आता थांबणं शक्य नव्हतं. "बाय, उस दिन, एक से ढाई. तुमने कुछ नहीं लिखा. क्या हुआ था?"

ती ताट घेऊन तशीच राहिली. आई काहीतरी कडक आवाजात म्हणाली. शर्टवाल्या माणसाने फाइल उघडली, आतून दोन कोरे कागद काढले आणि पेन हातात घेतलं.

"ये तुम्हारे मामा हैं ना?" मी विचारलं.

"मामा नहीं, सर. गाँव का चीफ है. माँ ने बुलाया. आप पोलीस में बोलेगा, मेरा फोटो देगा, फिर मैं कहीं काम नहीं जा सकता. इसलिए विटनेस."

तीन दिवस मी ज्याला पाहुणचार समजत होतो, तो पहारा होता. माझा संदेश या घरात कसा वाचला गेला असेल ते मला तेव्हा कळलं. अरब देशातला मालक एक गोष्ट विचारायला स्वतः येतोय.

बाय खाली बसली. ताट तिने मांडीवरच ठेवलं. मग ती बोलली, खाली बघत, न थांबता.

"मॅडम बोला, बाय, वो सूखा मच्छी निकालो, ऊपर डब्बा का पीछे. मैं बोला, मॅडम, सर का लिस्ट. मॅडम बोला, लिस्ट सर को खिलाओ." तिच्या तोंडून ते वाक्य अगदी माझ्या बायकोच्या सुरात आलं. "मैं गॅस पे भूना. खिड़की खोला. भात का पेज बनाया. मॅडम तीन बार खाया. तीन. बहुत खुश. फिर सोया. मैं तवा धोया, फिर स्प्रे मारा, सर को बास नहीं आना. फिर देखा, मॅडम..." ती थांबली. "बुक में मच्छी लिखेगा तो आप गुस्सा. झूठ मैं नहीं लिखता. इसलिए कुछ नहीं लिखा."

तो सुक्या बांगड्याचा वास मला आत्ता तिथे आल्यासारखा झाला. सात महिने मी मोजून मोजून पाणी दिलं होतं, आणि माझी बायको खिडकी उघडून, शेजाऱ्यांची पर्वा न करता, लाल रेघ मारलेली वस्तू भाजून खात होती. मला न विचारता. मला विचारलं असतं तर मी यादीकडे बोट केलं असतं, हे तिला माहीत होतं.

"और क्या बोला मॅडम?" मी विचारलं.

"बोला, काँटा ठीक से निकालो. सर कभी ठीक से नहीं निकालता."

खरं होतं ते. मी घाटावरचा माणूस, मला बांगड्याचा काटा आजवर कधी नीट काढता आला नाही.

आई पुढे सरकली. तिने माझ्याकडे बोट केलं आणि दोन-तीन वाक्यं म्हणाली. झोळीतून वडील उठून बसले. बायने मांडीवरचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "माँ पूछता है, सर. नमक से मर गया? मेरे हाथ से?"

तीन महिने मी ज्या भीतीने जागत होतो, ती यांच्याही घरात होती. उलटी, पण तेवढीच मोठी. बायची आईही झोपली नसणार. ही बाई केस कापून व्रत करणारी, तिच्या लेकीच्या हातून माणूस मेला की नाही एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. उत्तर माझ्याकडे नव्हतं. डॉक्टरांना विचारायला हवं, असं माझ्या मनात आलं. तीनदा खाल्लेली मासळी, इतकं मीठ, तसं हृदय. पुन्हा मी वही उघडायला निघालो होतो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी जितका वेळ गप्प बसेन तितकं ते उत्तर वाईट होत जाणार होतं.

"नाही," मी म्हणालो. मराठीतच निघालं तोंडून. बायला कळलं, हा शब्द तिला बायकोने शिकवला होता. मग मी हिंदीत म्हणालो, इंग्रजीत म्हणालो, आईकडे बघून मान हलवली. बीमारी से. तुम्हारे हाथ से नहीं.

चीफने लिहायला घेतलं. तो सांगत होता, बाय मला सांगत होती, आणि खाली मी तेच इंग्रजीत लिहीत होतो. माझी पत्नी आजाराने वारली. या मुलीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. चीफने हात वर केला, काहीतरी जोडायचं राहिलं होतं. "आगे भी नहीं होगा," बायने सांगितलं. "चीफ बोलता है, ये लिखना जरूरी. आदमी बाद में सोचता है." मी तेही लिहिलं. सही केली. सही त्याला पुरेशी वाटली नाही. फाइलमधून त्याने लाल शाईची गादी काढली, माझा अंगठा स्वतःच्या हातात धरला आणि कागदावर दाबला, दोन्ही प्रतींवर, नीट फिरवून. माझ्या आयुष्यात मी कधी अंगठा उठवला नव्हता. वडील झोळीतून काहीतरी म्हणाले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच सगळे हसले.

"क्या बोला?"

"बोला, इतना पढ़ा आदमी, अंगूठा मारता है."

त्या संध्याकाळी तो माणूस आला नाही. कोंबडीही नव्हती. खालच्या बाकड्यावर भात, पाण्यात वाढणाऱ्या नाळीच्या भाजीचं आंबट पातळ कालवण, काकडीच्या फोडी आणि एका बशीत त्यांचं आंबवलेल्या मासळीचं करडं वाटण होतं, ज्याचा वास फाटकापर्यंत जात होता. सगळे एकत्र बसले, माझ्यासकट. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. आईने वडिलांना गुडघा हलवला म्हणून झापलं. वडिलांनी पाय पुन्हा लांब केला. मी भात संपवून आणखी मागितला, तर आईने पातेल्यात डोकावलं, उरलेला खरवडून माझ्या ताटात टाकला आणि लेकीला काहीतरी म्हणाली.

"माँ बोलता है, आप बहुत खाता है. कल से ज्यादा बनाना पड़ेगा."

मी आणखी दोन दिवस राहिलो. आईने मला चिंचा सोलायला बसवलं, कच्चे आंबे चिरायला दिले, चुकीचे चिरले म्हणून हातातून सुरी काढून घेतली. बाय आता माझ्याशी बसून बोलत होती, पण त्या दिवसाबद्दल नाही. निघताना आईने पुन्हा हात जोडले, या वेळी कमी खाली वाकून.

शारजाला परतल्यावर आठवडाभराने तळ्याकाठच्या रस्त्यावर फिरताना डॉक्टर भेटले, बायकोचे. तेही अल मजाजमध्येच राहतात. थांबले, माझ्या दंडाला हात लावून विचारलं, झोप लागते का? मी म्हणालो, लागते थोडी. ते तसेच उभे राहिले. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं.

"काही विचारायचं होतं का?"

प्रश्न तयार होता. तीनदा खाल्लेल्या सुक्या बांगड्याने, त्या अवस्थेत, तासाभरात असं होऊ शकतं का? दहा सेकंदांत त्यांनी उत्तर दिलं असतं. आणि ते हो म्हणाले असते, तर दूर त्या घरात एका फाइलमध्ये माझ्या लाल अंगठ्याखाली जे लिहिलं आहे ते खोटं ठरलं असतं, आणि ते मला माहीत झालं असतं. चीफ बरोबर म्हणाला होता, माणूस नंतर विचार करतो.

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही रोज या वेळेला फिरता का?"

ते म्हणाले, रोज. तेव्हापासून मी दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने फिरायला जातो.